आरोपी क्रमांक एक, फरार

अंथुर्णे,
२८ एप्रिल १९९७

चिरंजीव दादासो यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं ते लिहिते.

बिरोबाच्या जत्रेला यंदाही तू आला नाहीस. बारामतीच्या वकिलाला सवड नसते, हे मी आता पाठ केल्यासारखं सगळ्यांना सांगते. पण यंदा तू हवा होतास. जत्रेत पोलीस आले आणि म्हस्कूतात्यांना जीपमध्ये घालून घेऊन गेले. आई-वडिलांमागं ज्यांनी तुला-मला वाढवलं, ज्यांनी उभ्या जन्मात पत्त्याचं पान हातात धरलं नाही, त्या आपल्या चुलत्यावर जुगाराची केस झाली आहे. तात्यांना संध्याकाळी जामिनावर सोडलं. काजळ्या मेंढ्याला सोडलं नाही.

देवळापुढची सलामी तुला आठवत असेल. आपला मेंढा आणि कऱ्हाटीच्या पाहुण्यांचा मेंढा समोरासमोर सोडायचे, एक टक्कर झाली की कपाळाला भंडारा लावून मागं घ्यायचे. हार-जीत नाही, बक्षीस नाही. दोन मेंढ्यांनी देवाला केलेला रामराम तेवढा. यंदा कुठून तरी मोटारसायकलींवर पोरं आली होती, त्यांनी गर्दीत आपसांत पैजा लावल्या. जीप दिसताच ती पोरं उसात पसार झाली. कऱ्हाटीकरांनी आपला मेंढा टेम्पोत टाकून रस्ता धरला. तात्यांना पळता येत नाही आणि काजळ्याला पळायचं काही कारण नव्हतं.

मग पंचनामा. जमादारांनी विचारलं, मेंढा कुणाचा. तात्यांनी सांगितलं, बिरोबाचा. दुसरं काय सांगणार? देवाला सोडलेल्या मेंढ्याला आपल्यात कुणी माझा म्हणत नाही. मग जमादारांनी विचारलं, ही जागा कुणाची. तात्या म्हणाले, ती बी बिरोबाचीच हाय. जमादारांनी मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. तुझे दाजी नक्कल घेऊन आले ती माझ्यासमोर आहे. आरोपी क्रमांक एक: बिरोबा, राहणार अंथुर्णे, वडिलांचं नाव माहीत नाही, वय माहीत नाही, धंदा काही नाही, फरार. आरोपी क्रमांक दोन: म्हस्कू. आणि काजळ्या म्हणजे जुगाराचं साधन, म्हणून जप्त.

देव फरार आहे, दादासो. दर रविवारी त्याला तेल वाहणारा हवालदारसुद्धा पंच म्हणून सही करून गेला.

तू हसत असशील तर हसून घे आणि मग काजळ्याला सोडवून आण. तात्यांनी अन्न टाकलं आहे. कळप विकून आपण पाटाच्या पाण्यावर भाजीपाला करायला लागलो, तेव्हा त्या सगळ्या कळपातलं एवढं एकच रक्त तात्यांनी देवाच्या नावानं राखलं होतं. घरात वकील एकच आहे आणि तो तू आहेस.

सारजाला आशीर्वाद. उत्तर लवकर टाक, नाहीतर मी येऊन तुझ्या पक्षकारांच्या बाकावर बसेन.

तुझी अक्का,
कौसल्या


बारामती,
४ मे १९९७

तीर्थस्वरूप अक्कास दादासोचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हसलो, हे कबूल करतो. सारजासुद्धा हसली आणि मग मला रागावली, की म्हातारा उपाशी आहे आणि तुम्ही काय दात काढताय.

अक्का, हसायचं तात्यांना नाही, कायद्याला. तात्यांना ज्या कायद्यानं धरलं तो १८८७ सालचा आहे. देशाचा मूळ कायदा त्याहून जुना, १८६७ चा. राणीच्या राज्यातल्या कुणा साहेबाला बाजारातली गर्दी खपत नव्हती, म्हणून त्यानं फासे, पत्ते, कोंबडे, मेंढे सगळं एका दावणीला बांधलं. साहेब गेला, दावण राहिली. आणि जगात काय चाललंय बघ. गोव्यात मोठ्या हॉटेलांतून जुगाराची यंत्रं कायद्यानं बसली. आपल्या राज्यानं वीस वर्षांपूर्वी कॅसिनोचा कायदा मंजूर केला आणि आजतागायत तो लागूच केला नाही. मूल जन्माला घातलं आणि बारसं करायचं विसरले. पुण्यात माझ्या मित्राचा मुलगा कॉम्प्युटरसमोर बसून टेलिफोनच्या तारेतून कुठल्याशा बेटावरच्या जुगारखान्यात पत्ते खेळतो. त्याला कुठला जमादार धरणार? जीप समुद्रात घालणार का?

या सगळ्यावर आम्ही बारामतीतली काही वकील मंडळी एक निवेदन तयार करतो आहोत, मुंबईला आणि दिल्लीला पाठवायला. परवाने द्या, कर घ्या, अज्ञान मुलांना दारातून परत पाठवा, आणि बाकीच्यांना त्यांच्या अकलेवर सोडा. टायपिंगचा भार माऊलीशेठ उचलतात. माझे पक्षकार आहेत, स्टँडजवळ त्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर आहे. मसुदा सोबत पाठवतो. वाच आणि मास्तरीणबाईंच्या नजरेनं शुद्धलेखन तपास.

तात्यांचं काम अगदी सोपं आहे. तात्यांनी लिहून द्यायचं की मेंढा माझा. गुन्हा कबूल म्हणायचं, किरकोळ दंड भरायचा, आणि त्याच दिवशी मेंढ्यासाठी अर्ज टाकायचा. सगळे असंच करतात. एका सहीचं काम आहे. कागद तयार करून पाठवतो.

दाजींना नमस्कार. रागावू नकोस आणि रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादासो


अंथुर्णे,
११ मे १९९७

चि. दादासो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मसुदा वाचला. फार सुंदर टाइप केला आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. घोडा आहे, पत्ते आहेत, यंत्रं आहेत, बेटसुद्धा आहे. मेंढा मात्र शोधूनही सापडला नाही. सगळ्या निवेदनात आपल्या घरातलं एवढं एकच जनावर, आणि तेच तू वगळलंस.

तुझ्याच कागदात लिहिलंय, की घोड्याच्या शर्यतीवर पैसे लावायला कायद्यात मोकळीक आहे. म्हणजे पुण्याला कोट-टोपी घालून घोड्यावर पैसे लावले तर तो खेळ, आणि अंथुर्ण्यात पैसे न लावता मेंढ्याला कपाळ टेकवू दिलं तर तो जुगार. घोड्याला इंग्रजी येतं का रे? सरकार स्वतः लॉटरीची तिकिटं टपरीवर टांगून विकतं, तो आरोपी क्रमांक कितवा? आणि तुझे माऊलीशेठ! काय नाव आणि काय धंदा! त्यांच्या यंत्रापुढं सोमेश्वरनगरचे ट्रकवाले आख्खा हप्ता घालून रिकामे बाहेर येतात असं तुझे दाजीच सांगत होते, पण तिथं म्हणे 'फक्त करमणुकीसाठी' अशी पाटी आहे. आम्हीही बिरोबाच्या देवळावर तशी एक पाटी लावतो.

आता तुझ्या सोप्या कामाचं. कागद तात्यांना वाचून दाखवला. तात्या म्हणाले, मेंढा माजा म्हनलं तर द्येव काय म्हनंल, आन मी जुगार खेळलो म्हनलं तर माजा मीच काय म्हनंन. त्यांनी अंगठा दिला नाही. आणि तुझे दाजी कोर्टातल्या कारकुनाला विचारून आले, की गुन्हा कबूल केला तर जुगाराची साधनं नष्ट करायचा हुकूम होऊ शकतो. पत्ते जाळतात. काजळ्याला काय करतील, ते तू आम्हांला सांगितलं नव्हतंस.

काजळ्या ठाण्याच्या मागल्या अंगणात आहे. जप्तीच्या मोटारसायकली आणि एक मोडका टेम्पो यांच्यामध्ये त्याला बांधला आहे. शिंगाला पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकवली आहे, मुद्देमाल म्हणून. तात्या रोज सकाळच्या एस.टी.नं घासाचं ओझं घेऊन जातात, तो खाईपर्यंत बसतात आणि परत येतात. गेल्या आठवड्यात काय झालं ऐक. साहेबांचे पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला जमादारांनी काजळ्याला सोडून एका जुन्या टायरवर टक्कर मारायला लावली. टायर भिंतीला लागतो की नाही यावर ठाण्यातल्या मंडळींनी चहाची पैज लावली. तात्या तिथंच बसले होते. मी म्हणाले, तुम्ही काही बोलला नाहीत? तर म्हणाले, टायर भितीला लागला, चांगला लागला.

दादासो, या माणसाला दुसरं कुणी नाही. सही सोडून दुसरी वाट काढ. ती वाट काढायलाच तुला शिकवलं होतं.

सारजाला म्हणावं कैऱ्या पाठवते आहे. आमची आठवण निवेदनाच्या समासात तरी ठेव.

अक्का


बारामती,
२० मे १९९७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सारजाला वाचून दाखवलं, ही माझी चूक. आता ती जेवायला वाढताना मला विचारते की घोड्याला इंग्रजी येतं का.

वाट आहे. कायद्यात देवाला माणसासारखा धरतात, त्याच्या नावावर जमीन असते, दागिने असतात, तसा मेंढाही असू शकतो. फक्त देव कायम अज्ञान, म्हणजे पाळण्यातल्या मुलासारखा, म्हणून त्याच्या वतीनं पालकानं अर्ज करायचा. तात्यांनी बिरोबाचे पालक म्हणून अर्ज करायचा आणि मेंढ्याचा ताबा मागायचा. तात्यांना खोटं बोलावं लागणार नाही.

पण अक्का, असा अर्ज घेऊन कोर्टात उभा राहणार कोण? मी. पुकारा होणार, आरोपी नंबर एक बिरोबातर्फे वकील दादासो. बार रूममध्ये आधीच कुणी तरी बातमी आणली आहे आणि मला बघून मेंढ्याचा आवाज काढतात. आमचं निवेदन मुंबईला जायच्या बेतात आहे, त्यावर पहिली सही माझी आहे. उद्या तिथं कुणी म्हणेल, कॅसिनोच्या कायद्यावर अक्कल पाजळणारा हाच तो, देवाचा वकील. माझं हसं होईल त्याचं काही नाही, निवेदनाचं होईल.

निवेदन एकदा जाऊ दे. जूनच्या शेवटी मी स्वतः अर्ज टाकतो. तोवर मेंढा कुठं पळून जातोय? सरकारी पाहुणचार घेतोय, खाऊ दे. तात्यांना सांग, दादासोनं शब्द दिलाय.

मायेचा हात काढू नकोस.

दादासो


अंथुर्णे,
२७ मे १९९७

चि. दादासोस आशीर्वाद.

कार्ड लिहिते, पाकिटाएवढं बोलण्यासारखं राहिलं नाही.

तात्यांना तुझा निरोप सांगितला. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, दादासोनं सबूद दिलाय न्हवं, मग झालं. रात्री दोन भाकरी खाल्ल्या. ज्याला तुझ्या शब्दावर जेवण जातं, त्याच्यासाठी उभं राहायला तुला लाज वाटते. तुला खांद्यावर बसवून शाळेत नेताना तात्यांना लोक हसायचे, की धनगराचं पोरगं काय मामलेदार होणार. तात्यांनी तेव्हा तुला खाली उतरवलं नाही.

सरकारी पाहुणचारात काजळ्याच्या बरगड्या मोजता येतात. जूनची अखेर लांब आहे.

अक्का


बारामती,
२४ जून १९९७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या कार्डानंतर लिहायला धीर होत नव्हता. आता चांगली बातमी आहे म्हणून लिहितो. निवेदन गेलं! शनिवारी रजिस्टर पोस्टानं मुंबईला आणि दिल्लीला. म्हणजे मी मोकळा झालो. बिरोबाचा अर्ज कालच लिहून काढला, येत्या सोमवारी स्वतः येऊन टाकतो. बार रूममध्ये काय आवाज काढायचे ते काढू देत. तात्यांना म्हणावं, पुढल्या आठवड्यात काजळ्या दारात.

रविवारी माऊलीशेठनी पार्लरच्या वरच्या मजल्याचं उद्घाटन केलं आणि त्यातच आमच्या निवेदनाचा आनंद साजरा केला. भाषणं झाली. एक जण म्हणाले, आपण विसाव्या शतकाला दार उघडून दिलं. शतक संपायला आलं, आता कुठं दार उघडतंय, हे कुणी बोललं नाही. मग जेवण. सारजानं बिरोबाचा रविवार धरलाय, त्या दिवशी मटण खात नाही, म्हणून ती आली नाही. मी तो नेम कधीच सोडला. रस्सा झकास होता, मटण मात्र जून, कितीही शिजवलं तरी दाताला दाद देईना. माऊलीशेठ मला आग्रह करकरून वाढत होते, म्हणत होते, खा वकीलसाहेब, सरकारी पावतीचं मटण आहे, अगदी कायदेशीर! शिंगं त्यांनी पार्लरच्या दारावर लावायला राखून ठेवली आहेत. चांगली दोन वळ्यांची आहेत, बघण्यासारखी.

सोमवारी येतोच. घारग्या कर.

तुझा,
दादासो


अंथुर्णे,
२७ जून १९९७

दादासो यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. शिंगांपर्यंत आले आणि खाली ठेवलं.

वीस तारखेला, शुक्रवारी, ठाण्याच्या अंगणात लिलाव झाला. जिवंत मुद्देमाल किती दिवस पोसायचा, म्हणून कोर्टाकडून विक्रीचा हुकूम आणला होता. आधी मालकाला नोटीस द्यावी लागते. ती दिली. मालक बिरोबा, म्हणून देवळाच्या दाराला चिकटवली. पुजाऱ्याला वाटलं मतदारयादीचा कागद आहे, त्यानं त्यावर तोरण बांधलं. तात्या आरोपी, मालक नाहीत, त्यांना कुणी काही कळवायचं कारण नव्हतं. तुझा अर्ज असता तर कळवावं लागलं असतं, असं त्याच कारकुनानं तुझ्या दाजींना सांगितलं.

तात्या त्या दिवशी नेहमीसारखे घास घेऊन गेले. खुंटा रिकामा होता. जमादारांनी पावतीची नक्कल दाखवली. विकत घेणार: माऊली व्हिडिओ गेम्स, बारामती. आम्ही तुला कळवणार होतो, तेवढ्यात तुझंच पत्र आलं.

दादासो, तू काजळ्या खाल्लास. देवाला सोडलेला, कान कापून खूण केलेला, ज्याच्या अंगाला आपल्या घरात कुणी कातर लावली नाही, तो तू आग्रहानं खाल्लास आणि जून आहे म्हणून मला कळवलंस. जून होताच. तुझ्या लग्नाच्या वर्षी जन्मला होता.

तू खाल्लास हे तात्यांना अजून सांगितलेलं नाही. मी सांगणार नाही. सोमवारी येऊन तू सांग. घारग्या केलेल्या नाहीत.

कौसल्या


बारामती,
५ जुलै १९९७

ती. अक्कास,

मी येऊन गेलो तेव्हा तू माझ्याशी बोलली नाहीस, ते बरोबर होतं. तात्या काय म्हणाले ते तुला कळलं असेलच. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं की तुला ठावं होतं का. मी म्हणालो, नव्हतं. मग ते उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बस तरी धरता आली असती. मी स्टँडवर किती वेळ नुसता उभा होतो.

मला फार वाईट वाटतं, अक्का.

तात्यांच्या केसला मीच उभा राहणार. अर्ज टाकायला आता काही उरलं नाही, पण केस आहे.

दादासो


अंथुर्णे,
२७ जुलै १९९७

चि. दादासो यास आशीर्वाद. वि. वि.

तू कोर्टात उभा होतास तेव्हा मी मागच्या बाकावर होते. पुकारा झाला, आरोपी नंबर एक बिरोबा हाजिर है, आणि पट्टेवाला दारात जाऊन रस्त्याकडं तोंड करून तीनदा ओरडला. कुणी हसलं नाही, एवढं सरकारी काम होतं ते. तू मात्र चांगला बोललास. मास्तरीण म्हणून सांगते, एकही वाक्य घुटमळलं नाही. तात्या सुटले. पैज लावल्याचा पुरावा नाही, असं मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिलं. हे एवढं एक वाक्य लिहायला त्यांना एप्रिल ते जुलै लागले, आणि तेवढ्यात एक मेंढा संपला.

निकालाची नक्कल आज आली. मुद्देमाल मूळ मालकाला परत द्यावा असा हुकूम आहे. तो विकला गेला असल्यानं जे काही असेल ते मालक हजर झाल्यावर ओळख पटवून द्यावं. आणि आरोपी क्रमांक एक फरार असल्यानं, तो सापडेल तेव्हा त्याच्यावर वेगळा खटला चालवावा. म्हणजे बिरोबाला अजून वॉरंट आहेच. काल तात्या देवळात दिवा लावून आले आणि म्हणाले, फरारी हितंच बसलाय.

आता तुझं. आपल्यातली रीत तुला माहीत आहे, विसरला असशील तर आठवण देते. देवाचा मेंढा ज्याच्या हातून किंवा तोंडून गेला, त्यानं देवाच्या नावाचं कोकरू पुढच्या जत्रेपर्यंत आपल्या हातानं वाढवायचं. नोकराच्या हातानं नाही, बायकोच्या हातानं नाही. आणि त्याला माझं म्हणायचं नाही. तात्यांनी कऱ्हाटीच्या पाहुण्यांकडून कोकरू आणलं. त्यांच्या मेंढ्याचंच रक्त आहे, टेम्पोत बसून पळालेल्याचं. परवाच्या दुधाच्या टेम्पोनं तुझ्याकडं येईल. कानाला खूण तात्यांनी केली आहे, जखम ओली आहे, हळद लाव.

ऑफिसच्या दारात बांध. तुझ्या पक्षकारांनी बघू दे. कागद खातं ते, निवेदनाची स्थळप्रत सांभाळ. किंवा राहू दे, नको सांभाळू.

सारजाला आणि तुला, दोघांनाही, आशीर्वाद.

अक्का


बारामती,
१६ ऑगस्ट १९९७

ती. अक्कास दादासोचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

कोकरू पोचलं आणि पोचल्यापासून ओरडतंय. जखम वाळली. सकाळी घास कापायला मीच जातो, माझा कारकून लाजेनं मान फिरवतो. बार रूममधले आता आवाज काढत नाहीत, कारण खरा आवाज माझ्या दारातच असतो.

निवेदनाचं सांगायचं राहिलं. मंडळींना म्हणालो, पुरवणी पाठवू, त्यात एक कलम घालू, की जिथं पैसा लागत नाही तिथं जत्रेतल्या जनावराला जुगाराचं साधन म्हणू नये. सगळे हसले. म्हणाले, कॅसिनोच्या शेजारी मेंढा बांधला तर निवेदनाचा दर्जा जाईल. मी माझी सही काढून घेतली आणि तेवढंच कलम एका कागदावर लिहून स्वतःच्या नावानं पाठवलं. दोन्ही निवेदनांना एकच उत्तर आलं, छापील कार्ड: विषय विचाराधीन आहे. काल स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, स्टँडवर पेढे वाटले. राणी कधीच गेली, कायदा मात्र खणखणीत आहे. माऊलीशेठच्या वरच्या मजल्यावरच्या यंत्रांना काल सुट्टी नव्हती.

माऊलीशेठकडं जाऊन मी शिंगं मागितली. ती दारावर चढली होती, मध्ये लाल दिवा लावला होता. आधी त्यांना गंमत वाटली, मग राग आला. त्यांनी सगळी कामं दुसऱ्या वकिलाकडं नेली. शिंगं माझ्याकडं आहेत, जत्रेला घेऊन येतो. एका शिंगाला पुठ्ठ्याच्या चिठ्ठीची दोरी अजून आहे, ती मी सोडलेली नाही.

आणि आजची गोष्ट. कोकरानं दावं तोडलं आणि हमरस्त्यावर जाऊन बसलं. कोंडवाड्याचा माणूस त्याला धरून ऑफिसात आला. बाकावर पक्षकार बसले होते, दोन वकीलही होते. त्यानं वही काढून विचारलं, जनावर कुणाचं. माझं म्हटलं असतं तर पावती फाडून तो गेला असता, एका सहीचं काम होतं. मी म्हणालो, बिरोबाचं. त्यानं वर बघितलं. वडिलांचं नाव विचारलं, मी म्हणालो माहीत नाही. पत्ता विचारला, अंथुर्णे सांगितला. मालक कुठं आहे विचारलं, तेव्हा मी म्हणालो की कोर्टाच्या कागदाप्रमाणे फरार आहे.

मग तो वैतागून म्हणाला, आवो वकीलसाहेब, मंग त्याच्या वतीनं हितं हाय तरी कोन? सगळे माझ्याकडं बघत होते. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि बिरोबातर्फे वकील म्हणून माझं नाव स्वतः लिहून दिलं.

तात्यांना हे वाचून दाखव. जत्रेला मी आणि सारजा दोघं येतो आहोत, कोकरू चालवत आणतो. तोवर तुमचा राग असला तरी असू द्या, मायाही असू द्या.

तुझा,
दादासो